जहाजावर जन्मलेल्या पूर्वजाचा शोध: गिरमिटिया प्रवासातली जन्मनोंद कशी काढायची

‘पणजोबा जहाजावरच जन्मले’ एवढी एकच आठवण अनेक गिरमिटिया, म्हणजे करारावर वसाहतींत नेलेल्या हिंदी मजुरांच्या, घराण्यांत चार-पाच पिढ्या टिकून राहिलेली असते. मॉरिशस, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, फिजी, त्रिनिदाद, गयाना, सुरीनाम, कुठल्याही वसाहतीतलं घर घ्या. शोधायला बसलं की मात्र हाती काही लागत नाही. गावच्या दफ्तरात ते मूल नाही, कारण ते गावात जन्मलंच नाही. निघायच्या बंदरातल्या कागदांत नाही, कारण कागद तयार झाले तेव्हा ते आईच्या पोटात होतं. वसाहतीच्या जन्मनोंदवहीतही बहुधा नाही, कारण तिथे उतरलं तेव्हा ते जन्मलेलं होतं.

या मुलाचा जन्म दोन मोजण्यांच्या मधे झालेला आहे. पहिली मोजणी जहाजावर चढताना, दुसरी पलीकडे उतरताना. म्हणून मुलाचं नाव धरून शोधू नका. आई शोधा, जहाज शोधा, मग त्या दोन मोजण्यांतला फरक वाचा. खालची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे. मुख्य उदाहरण मॉरिशसचं घेतलं आहे, कारण मुंबई बंदरातून गिरमिटावर गेलेली मराठी माणसं प्रामुख्याने तिथेच गेली. इतर वसाहतींचे फरक पुढे आले आहेत.

आधी घरातले कागद

जहाजावर जन्मलेल्या व्यक्तीच्या जन्मापेक्षा तिचं लग्न आणि तिचा मृत्यू आधी काढा. मॉरिशसच्या नागरी नोंदणी कार्यालयातल्या जुन्या लग्न-मृत्यूच्या नोंदींत आईवडिलांची नावं येतात आणि हिंदी मजुरांच्या बाबतीत बऱ्याचदा त्यांचा इमिग्रंट क्रमांकही येतो. तो क्रमांक म्हणजे या शोधाची किल्ली. उतरलेल्या माणसाला तो पोर्ट लुईच्या इमिग्रेशन डेपोत मिळत असे. हा डेपो १८४९ साली उभा राहिला, आणि तीच जागा आज आप्रवासी घाट म्हणून ओळखली जाते. एकदा मिळालेला क्रमांक करारापासून दवाखान्यापर्यंत माणसाला चिकटून राही.

त्या व्यक्तीच्या सख्ख्या भावंडांचे कागदही काढा. मूल जहाजावर जन्मलेलं असल्याने त्याच्या स्वतःच्या कागदावर आईचा क्रमांक चुकलेला किंवा रिकामा असू शकतो. पुढे बेटावर जन्मलेल्या धाकट्या भावंडाच्या जन्मनोंदीत तोच क्रमांक नीट लिहिलेला सापडतो.

क्रमांक मिळाल्यावर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडे जायचं. हिंदी आप्रवाशांची मूळ रजिस्टरं तिथे जपलेली आहेत आणि वंशजांना तिथून उतारा मिळतो. उतारा मागताना नुसतं ‘माझ्या पणजोबांची नोंद द्या’ असं लिहू नका. आईचा क्रमांक, वडिलांचा क्रमांक, जहाज माहीत असल्यास त्याचं नाव आणि पोचल्याचं वर्ष द्या. शिवाय त्या जहाजाच्या यादीत आईच्या आगेमागे असलेल्या तान्ह्या मुलांच्या नोंदीही पाहाव्यात, अशी स्पष्ट विनंती करा. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची. ती नसेल तर तुमच्या हाती आईचा सुंदर उतारा येतो आणि बाळ शेजारच्याच ओळीत राहून जातं.

प्रवासाची खिडकी काढा

जहाज कळलं की दोन तारखा पक्क्या करा, निघाल्याची आणि पोचल्याची. त्यांच्यामधली खिडकी हाच जन्माचा संभाव्य काळ. ती किती रुंद असते ते काही प्रसिद्ध प्रवासांवरून दिसेल. नाताळला गेलेलं पहिलं जहाज ‘ट्रूरो’ १२ ऑक्टोबर १८६० रोजी मद्रासहून सुटलं आणि १६ नोव्हेंबरला डर्बनला लागलं, म्हणजे ३५ दिवस. फिजीचं पहिलं जहाज ‘लिओनिडास’ ३ मार्च १८७९ ला कलकत्त्याहून निघून १४ मे रोजी लेवुकाला पोचलं, ७२ दिवस. सुरीनामचं पहिलं ‘लल्ला रुख’ २६ फेब्रुवारी ते ५ जून १८७३, ९९ दिवस. मुंबई-मॉरिशस अंतर त्या मानाने थोडं, त्यामुळे खिडकीही अरुंद. आगबोटी आल्यावर ती आणखी आकसली.

अरुंद खिडकी सोयीची असते. घरात ‘शिमग्याच्या आसपास जन्मले’ अशी आठवण असेल आणि जहाज जुलै-ऑगस्टमधे समुद्रात असेल, तर दोनांतलं एक चूक आहे: जहाज तरी किंवा आठवण तरी. अशा वेळी तारखा ओढूनताणून जुळवू नका. वडील एका जहाजाने आणि आई नंतरच्या जहाजाने आली असेल का, हे आधी तपासा. निघायच्या बंदरातल्या डेपोतला डॉक्टर प्रत्येकाला प्रवासयोग्य आहे की नाही हे पाहत असे. अवघडलेली बाई मागे राहून पुढच्या जहाजाने गेली असण्याची शक्यता नेहमी मनात ठेवावी.

तिथीवरून तारीख काढणार असाल तर एक धोका ओळखून असा. मराठी आणि तेलुगू घरांत महिना अमावास्येला संपतो, उत्तर हिंदुस्थानी घरांत पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात महिन्याचं नाव वेगळं येतं: आपला श्रावण वद्य म्हणजे त्यांचा भाद्रपद कृष्ण. मॉरिशसमधे मराठी आणि भोजपुरी घरांत लग्नसंबंध झालेले असतील तर आठवण कोणत्या बाजूची आहे ते विचारल्याशिवाय पंचांग उघडू नका. अधिक महिन्याचं वर्ष असलं तर दोन्ही शक्यता लिहून ठेवा.

उतरतानाची यादी वयाच्या रकान्यातून वाचा

‘समुद्रात जन्म’ असा शेरा यादीत लिहिलेला असेल तर काम संपलं. पण बऱ्याचदा तो नसतो. मग वय बोलतं.

समजा जहाज ३ मार्चला निघालं आणि १० एप्रिलला लागलं. प्रवास ३८ दिवसांचा. उतरण्याच्या यादीत एका बाईपुढे किंवा तिच्या नावाखाली मूल आहे आणि वय ‘१ महिना’ लिहिलं आहे. ३८ दिवसांपूर्वी जहाज बंदरात होतं, म्हणजे वय बरोबर असेल तर मूल वाटेतच जन्मलं. ‘१५ दिवस’ असेल तर शंकाच नाही. ‘२ महिने’ असेल तर ते चढण्याआधीचं, बहुधा डेपोत किंवा बंदरापर्यंतच्या वाटेवर जन्मलेलं. नुसतं ‘तान्हं’ किंवा शून्य असेल तर वयावरून निर्णय करता येत नाही. मग चढतानाची यादी लागते.

वय वाचताना दोन चुका नेहमी होतात. महिन्यांसाठीची खूण न दिसल्याने ‘६ महिने’ हे ‘६ वर्षं’ म्हणून उतरवलं जातं. संगणकावरच्या तयार यादीत असं झालेलं असेल तर मूळ पानाची प्रत मागवण्याला पर्याय नाही. दुसरी चूक अंदाजी वयाची. मोठ्यांची वयं कारकून डोळ्यांनी ठरवत आणि ती पाच-दहा वर्षांनी हललेली असू शकतात. तान्ह्या मुलांच्या वयात एवढा फरक पडत नाही, कारण दोन आठवड्यांचं आणि चार महिन्यांचं मूल कुणालाही वेगळं ओळखू येतं. म्हणून मोठ्यांच्या वयावर जितका अविश्वास दाखवाल तितका बाळाच्या वयावर दाखवू नका.

यादीत बाळ कुठे शोधायचं? आईच्या लगेच खाली, नसेल तर यादीच्या अगदी शेवटी, नसेल तर आईच्या ओळीतल्या शेऱ्यात. वेगळा क्रमांक मिळालेला असेल तर तो आईच्या क्रमांकाला लागूनच असेल असं नाही. तरीही सुरुवात आईच्या क्रमांकाच्या मागचे ३० आणि पुढचे ३० क्रमांक वाचण्यापासून करा. त्यात गावकरी आणि नातलगही सापडतात, आणि हे जहाजी सोबती पुढे लग्नाचे साक्षीदार म्हणून पुन्हा भेटतात.

मोजणीचा ताळा

इतक्या सोप्या गणिताकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात.

चढलेले + वाटेतले जन्म − वाटेतले मृत्यू = उतरलेले

समजा अहवालात २४८ चढले, ३ जन्मले, ५ मेले, २४६ उतरले असं आहे. ताळा जुळतो. आता उतरण्याच्या यादीतली नावं स्वतः मोजा. ती २४६ भरली तर वाटेत जन्मून जगलेली मुलं त्या यादीत नक्की आहेत आणि तुमचं मूल त्यांच्यातच शोधायचं. २४३ च भरली तर बाळांना यादीत घेतलेलंच नाही, मग कितीही वेळा वाचली तरी ती सापडणार नाहीत. वेळ वाया घालवण्यापेक्षा सरळ जहाजाच्या कागदांकडे वळा. २४५ भरली तर एक जण रुग्णालयात किंवा क्वारंटाइनमधे मागे राहिला का, ते पाहा.

मोजताना ‘माणसं’ आणि ‘प्रौढ’ यांची गल्लत करू नका. जहाजाची जागा आणि शिधा ठरवण्यासाठी मुलांना अर्धा प्रौढ धरत आणि तान्ह्यांना धरतच नसत. एखाद्या तक्त्यात २१७ आणि अर्धा असा आकडा दिसला तर तो प्रौढांचा हिशोब आहे, त्यावरून जन्म काढता येत नाहीत. मृत जन्मलेली मुलंही सावधपणे हाताळा. काही तक्त्यांत ती जन्मातही नसतात आणि मृत्यूतही नसतात, तरी डॉक्टरच्या अहवालात त्यांचा उल्लेख असू शकतो.

हे आकडे मिळतात कुठे? १८४० नंतरच्या तीन दशकांसाठी ब्रिटिश वसाहत-भूमी आणि स्थलांतर आयुक्तांच्या वार्षिक अहवालांच्या परिशिष्टांत जहाजवार तक्ते आहेत. ते स्कॅन होऊन इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. त्यानंतरच्या काळासाठी कलकत्ता आणि मद्रास इथल्या स्थलांतर-संरक्षकांचे (जाणाऱ्या मजुरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांचे) वार्षिक अहवाल आणि वसाहतींतल्या इमिग्रेशन खात्याचे अहवाल पाहावेत. स्कॅन प्रतीत शब्द शोधताना जहाजाचं नाव टाका. खूप जुन्या छपाईत यंत्राला अक्षरं चुकतात, म्हणून शोध रिकामा आला तरी त्या वर्षाचं परिशिष्ट एकदा डोळ्यांनी चाळाच.

जहाजाचे स्वतःचे कागद

ब्रिटनच्या १८५४ च्या व्यापारी जहाज कायद्याने कप्तानावर एक बंधन घातलं: जहाजावर झालेला प्रत्येक जन्म तारीख, बाळाचं लिंग आणि आईवडिलांच्या नावांसह अधिकृत लॉगबुकात, म्हणजे प्रवासातल्या घटनांच्या नोंदवहीत, लिहायचा. हा नियम फक्त गोऱ्या प्रवाशांसाठी नव्हता. प्रवास संपल्यावर लॉगबुक खलाशांच्या करारनाम्यासोबत जमा होत असे. पुढे जागेअभावी असंख्य लॉगबुकं नष्ट केली गेली, पण जन्म किंवा मृत्यूची नोंद असलेली ठेवण्यात आली. म्हणजे तुमच्या पणजोबांचा जन्म हेच ते लॉगबुक नष्ट न होता टिकून राहण्याचं एक कारण असू शकतं.

लॉगबुक मिळवायला जहाजाचा अधिकृत क्रमांक लागतो. १८५५ पासून प्रत्येक ब्रिटिश जहाजाला कायमचा क्रमांक मिळाला. नाव पुरत नाही, कारण एकाच नावाची अनेक जहाजं एकाच वेळी समुद्रात होती. क्रमांक शोधण्यासाठी ब्रिटिश जहाजांच्या छापील वार्षिक याद्या आणि खलाशी-यादी सूचीचं संकेतस्थळ उपयोगी पडतं. जहाजाचं वजन आणि नोंदणीचं बंदर इमिग्रेशन अहवालाशी पडताळून मगच क्रमांक पक्का धरा.

मग कागद कुठे आहेत ते वर्षावरून ठरतं. १८६० पर्यंतचे उरलेले सगळे लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, बीटी ९८ या मालिकेत (बीटी म्हणजे ‘बोर्ड ऑफ ट्रेड’, ब्रिटनचं व्यापार खातं). १८६१ आणि १८६२, तसंच ५ ने संपणारी वर्षं (१८६५, १८७५, १८८५ वगैरे) यांचा मोठा भाग ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात. १८६३ नंतरच्या बाकी वर्षांचे सुमारे ७० टक्के कागद कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातल्या सागरी इतिहास अभिलेखागारात. प्रत्येक वर्षातला दहा टक्के नमुना क्यूला. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे चुकीचं वर्ष मागणं. हे कागद प्रवास सुरू झाल्याच्या नव्हे, संपल्याच्या वर्षाखाली लावलेले असतात, आणि जहाजाचा ‘प्रवास’ मॉरिशसला संपत नव्हता. ते पुढे साखर भरून लंडनला किंवा दुसरीकडे जाई आणि खलाशांचा करार तिथे संपे. १८६४ च्या ऑक्टोबरमधे पोर्ट लुईला लागलेल्या जहाजाचे कागद १८६५ खाली असण्याची शक्यता दाट असते.

लॉगबुकाबरोबरच क्यूला प्रवाशांच्या जन्म-मृत्यूंच्या एकत्र नोंदवह्या आहेत: बीटी १५८ मधे १८५४ ते १८९० चा काळ, बीटी ३३४ मधे १८९१ नंतरचा. त्यांची पानं वंशावळीच्या सशुल्क संकेतस्थळांवरही पाहता येतात. तिथे आडनावाने शोध घेऊ नका. बाळाला त्या वेळी नाव नसेलच, आणि आईचं नाव इंग्रज कप्तानाने जसं ऐकलं तसं लिहिलेलं असेल. जहाजाचं नाव आणि वर्ष टाका, मग त्या जहाजाच्या सगळ्या ओळी वाचा. व्यवसायाच्या रकान्यात ‘कुली’ हा शब्द भेटेल. वाचताना तो बोचतो, पण शोधशब्द म्हणून तो वापरावाच लागतो.

१८३७ पासूनची इंग्लंडची सागरी जन्मनोंदवही म्हणून जी प्रसिद्ध आहे, तिच्यावर फार विसंबू नका. तिचा मूळ कायदा इंग्रज आईबापांच्या मुलांसाठी होता. तिथे नोंद नाही म्हणजे जन्म समुद्रात झाला नाही, असा अर्थ होत नाही.

लॉगमधली तारीख आणि डॉक्टरच्या अहवालातली तारीख यांत एका दिवसाचा फरक दिसला तर घाबरू नका. जहाजाचा दिवस कधी दुपारी बारापासून मोजलेला असतो, आणि रात्रीचं बाळंतपण दुसऱ्या दिवशी लिहिलं जातं. दोन्ही तारखा टिपून ठेवा. अक्षांश-रेखांश दिलेले असतील तर तेही उतरवा, त्याहून नेमकं जन्मस्थान कुणाला मिळणार नाही.

डॉक्टरचा अहवाल आणि सरकारी पत्रव्यवहार

गिरमिटिया जहाजावर सर्जन-सुपरिंटेंडेंट म्हणजे सरकारने नेमलेला डॉक्टर असे. त्याचा मेहनताना जिवंत उतरलेल्या माणसांच्या संख्येवर ठरत असल्याने तो मोजणी काळजीपूर्वक ठेवत असे. त्याची दैनंदिनी मिळणं भाग्याची गोष्ट, पण त्याच्या अहवालाचा सारांश सरकारी पत्रव्यवहारात मिळतो. क्यूला वसाहतवार मालिका आहेत (सीओ म्हणजे ‘कलोनियल ऑफिस’, वसाहत खातं): मॉरिशस सीओ १६७, नाताळ सीओ १७९, फिजी सीओ ८३, त्रिनिदाद सीओ २९५, ब्रिटिश गयाना सीओ १११. जहाज पोचल्यानंतरच्या तीन-चार महिन्यांतली पत्रं पाहावीत.

हिंदुस्थानच्या बाजूचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि त्याचा मोठा भाग ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतो. ‘इमिग्रेशन’ नव्हे, ‘एमिग्रेशन’ हा शब्द टाका, कारण इथून माणसं बाहेर जात होती. एका अक्षराच्या फरकाने निकाल पूर्ण बदलतो. मुंबईहून सुटलेल्या जहाजांसाठी मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयातली जनरल डिपार्टमेंटची दफ्तरं पाहावी लागतात. तिथे जाताना जहाजाचं नाव आणि निघाल्याचा महिना हाताशी असेल तरच दिवस सार्थकी लागतो. नुसत्या आडनावावर तिथे काही मिळणार नाही.

एक मर्यादा लक्षात घ्या. मॉरिशसला गिरमिटिया मजूर १८३४ पासून जाऊ लागले, १८३९ मधे हे स्थलांतर बंद झालं आणि १८४२ च्या १५ व्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून पुन्हा सुरू झालं. पहिल्या टप्प्यातले कागद विरळ आणि विस्कळीत आहेत. १८५४ पूर्वी लॉगचाही आधार पक्का नाही. त्या काळातल्या जन्मासाठी उतरतानाची यादी हाच मुख्य पुरावा.

मराठी नावं आणि गावं ओळखणं

मुंबईहून गेलेल्यांच्या नोंदींत बऱ्याच जणांचा शोध इथेच अडतो. नाव सांगणारा रत्नागिरीचा, लिहिणारा इंग्रजी पद्धतीने लिहिणारा कारकून, आणि पुढे नागरी नोंदणीत तेच नाव फ्रेंच वळणाने लिहिलं गेलं. लक्ष्मण हा ‘लक्सिमॉन’ असा उच्चार होईल अशा स्पेलिंगने दिसतो. सखाराममधला ‘ख’ निव्वळ ‘क’ होतो. उकार इंग्रजी कागदात दोन ‘ओ’ने, फ्रेंच वळणाच्या कागदात ‘ओ-यू’ने येतो. ‘श’ फ्रेंच पद्धतीने ‘सी-एच’ने लिहिला की आपण तो ‘च’ वाचतो आणि शंकरचा भलताच कुणी होऊन बसतो. शोधण्याआधी एका नावाची किमान आठ-दहा स्पेलिंगं कागदावर मांडा.

आडनावाची आशा धरू नका. नोंद बहुधा स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढीच असे. मॉरिशसमधे पुढे बापाचं किंवा आज्याचं पहिलं नाव हेच कुटुंबाचं आडनाव झालं. आज घराचं आडनाव ‘राघू’सारखं असेल तर राघू हे एखाद्या मूळ पुरुषाचं नाव असणार. जातीच्या रकान्यात ‘मराठा’ असेल तर त्याचा अर्थ जात असेलच असं नाही. मुंबईकडचा, मराठी बोलणारा एवढाच अर्थही असू शकतो.

बायकांच्या नोंदी त्याहून अवघड. काशी, राधा, लक्ष्मी, सीता ही नावं एकाच जहाजावर तीन-तीन वेळा भेटतात. अशा वेळी बापाचं नाव, उंची आणि अंगावरच्या खुणा हे तीन रकाने वापरा. गोंदण, देवीचे व्रण, भाजल्याचा डाग अशा खुणा नोंदलेल्या असतात. तीच खूण पुढच्या एखाद्या कागदावर दिसली तर ओळख पटते. कुणाची बायको म्हणून नोंद नसेल तर ती एकटी होती असं लगेच ठरवू नका. नवऱ्याचा क्रमांक दुसऱ्या पानावर असू शकतो.

जिल्ह्यांची नावं आजच्या नकाशावर लावताना चूक होते. जुना रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचा मोठा भाग. सिंधुदुर्ग १९८१ मधे वेगळा झाला. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडची गावं ‘रत्नागिरी’ खाली सापडतील. सावंतवाडी मात्र संस्थान होतं, त्याचं नाव वेगळं येतं. आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. गावाचं नाव वाचता आलं नाही तर ते मोठ्याने मालवणी किंवा कोकणी ढंगात म्हणून पाहा. डोळ्यांना न कळलेलं गाव कधी कधी कानाला कळतं.

समुद्रात जन्मला, की डेपोत, की क्वारंटाइनमधे?

घरची आठवण ‘जहाजावर’ म्हणते तेव्हा तिच्यात तीन जागा मिसळलेल्या असू शकतात. पहिली निघायच्या बंदरातला डेपो, जिथे माणसं दिवसेंदिवस जहाजाची वाट पाहत. दुसरी प्रत्यक्ष समुद्र. तिसरी पलीकडचं क्वारंटाइन. साथ असली तर जहाज आलं तरी माणसांना बंदरात उतरू देत नसत. मॉरिशसला फ्लॅट आणि गॅब्रिएल ही बेटं त्यासाठी होती, फिजीत नुकुलाऊ, त्रिनिदादला नेल्सन बेट. १८५६ मधे ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ या जहाजांवरच्या माणसांना गॅब्रिएल बेटावर ठेवलं गेलं आणि तिथे पटकीने शेकडो दगावले.

म्हणून पोचल्याची तारीख आणि डेपोत नोंद झाल्याची तारीख वेगवेगळ्या लिहा. दोहोंत दोन-तीन आठवड्यांचं अंतर दिसलं तर त्या काळात जन्मलेलं मूल ना लॉगमधे मिळेल ना नागरी नोंदणीत. ते क्वारंटाइनच्या पत्रव्यवहारात शोधायचं.

इतर वसाहती, थोडक्यात

नाताळला १८६० ते १९११ दरम्यान १,५२,१८४ माणसं गेली. त्यांच्या जहाज-याद्यांची सूची डर्बनच्या क्वाझुलु-नाताळ विद्यापीठामुळे इंटरनेटवर शोधता येते. तिथे ‘कलोनियल नंबर’, म्हणजे नाताळमधला इमिग्रंट क्रमांक, धरून चाला. फिजीचे एमिग्रेशन पास सुवाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पासावर जिल्हा, ठाणं, गाव, जवळचा नातलग असं सगळं असतं, पण पास निघण्याआधीच तयार होत असल्याने वाटेत जन्मलेल्या बाळासाठी आईच्या पासाची पाठपोट प्रत मागवावी आणि कडेचे शेरे वाचावेत. सुरीनामच्या सुमारे ३४ हजार हिंदुस्थानी आप्रवाशांची सूची नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर खुली आहे, आणि नवशिक्याने हात बसवायला ती उत्तम.

रियुनियन, ग्वादलूप, मार्टिनिककडे फ्रेंच जहाजाने गेलेल्यांच्या बाबतीत पद्धत वेगळी. फ्रेंच नागरी संहितेत समुद्रातल्या जन्माची नोंद चोवीस तासांत साक्षीदारांसमोर करून ती खलाशी-यादीच्या शेवटी जोडायची आणि बंदरात तिच्या प्रती जमा करायच्या, असा नियम होता. या बेटांच्या जुन्या नागरी नोंदवह्या एक्स-आँ-प्रोव्हाँस इथल्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्या आहेत. जहाज पोचल्यानंतरच्या काही आठवड्यांची पानं पाहा. नोंद जन्माच्या नव्हे, ती उतरवून घेतल्याच्या तारखेला लागते.

गिरमिटाबाहेर, मुंबईहून पूर्व आफ्रिकेला आगबोटीने गेलेल्या गोव्याच्या आणि कोकणातल्या कुटुंबांसाठी बीटी ३३४ पाहावं. ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्याआधी बाप्तिस्म्याची नोंद काढावी, कारण जन्मानंतर काही दिवसांतच ती चर्चमधे झालेली असते.

वंशवृक्षात काय लिहायचं

पुराव्याच्या ताकदीप्रमाणे लिहा. लॉग किंवा बीटी नोंद मिळाली तर नेमकी तारीख आणि जन्मस्थान ‘समुद्रात, अमुक जहाज, मुंबई ते पोर्ट लुई’. फक्त उतरतानाच्या वयावरून ठरवलं असेल तर ‘३ मार्च ते १० एप्रिल दरम्यान, समुद्रात, वयावरून अनुमान’. नुसती घरची आठवण असेल तर ती आठवण म्हणूनच. जन्मस्थानाच्या रकान्यात ‘पोर्ट लुई’ किंवा ‘मुंबई’ कोंबू नका. संगणकाचा रकाना शहर मागतो म्हणून दिलेलं शहर दहा वर्षांनी खरं मानलं जातं. ओसीआय कार्डासाठी (परदेशस्थ भारतीय वंशीयांना भारत सरकार देतं ते) कागद जोडत असाल तर भर आईवडिलांच्या आगमन-नोंदीवर ठेवा. हिंदुस्थानशी नातं त्या नोंदीने सिद्ध होतं. मुलासाठी फक्त त्यांच्याशी असलेलं नातं दाखवणारा लग्नाचा किंवा मृत्यूचा दाखला जोडायचा.

या शोधात आणखी एक नोंद समोर येण्याची तयारी ठेवा. जन्माच्या ओळीनंतर चार-सहा दिवसांनी त्याच आईच्या नावापुढे मृत्यूची ओळ. समुद्रात जन्मून समुद्रातच गेलेल्या बाळाचा उतरतानाच्या यादीत मागमूस नसतो. त्याचा दाखला नाही, क्रमांक नाही, नावही नाही. ते लॉगच्या दोन ओळींत आणि अहवालाच्या दोन आकड्यांत तेवढं उरतं. तुम्ही ज्या मुलाला शोधत होता ते हे नसेलही. पण ते त्याच आईचं आहे, तुमच्या पणजोबांच्या आधीचं किंवा नंतरचं भावंड. वंशवृक्षात त्यालाही एक ओळ द्या: ‘मुलगी, नाव ठेवलेलं नाही’, आईचा क्रमांक, जहाज, दोन्ही तारखा, आणि लॉगमधे दिलेले असतील तर अक्षांश-रेखांश.